साखरेचं टोपडं

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बोहरी आळीत पाऊल टाकू नये, हे पुणेकराला सांगावं लागत नाही. तरी मी गेले. भाच्याचा वाढदिवस भाऊबीजेच्या मागोमाग येतो आणि यंदा बहिणीने केकला फाटा देऊन मुलांसाठी छोटे बन करायचं ठरवलं होतं. बन ती करणार, त्यांना नटवायचं काम माझ्याकडे. रविवार पेठेतल्या त्या गल्लीत पणत्या, पुठ्ठ्याचे खोके, चॉकलेटच्या लाद्या आणि केकचे साचे यांतून वाट काढत एका दुकानापाशी पोचले आणि बरण्यांकडे बोट दाखवून म्हटलं, "ते रंगीत दाणे द्या."

"गोल हवेत की वर्मिसेली?"

म्हणजे शेवया. चॉकलेटच्या बारीक काड्यांना बेकरीच्या धंद्यात हेच नाव आहे. मी गोल मागितले. पुडीवरचं बारीक अक्षर वाचलं: साखर, स्टार्च, तेल, रंग. चार दाणे तळहातावर घेतले, दाताखाली फोडले आणि थबकले. ही चव मला संक्रांतीपासून ठाऊक होती. फक्त याला काटा नव्हता.

संक्रांतीचा तो काटेरी, खसखशीचा हलवा ज्यांनी घरात होताना पाहिला आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. जानेवारीची कोरडी थंडी, शेगडीत राखेखाली झाकलेले निखारे, वर पसरट परात. परातीत मूठभर खसखस किंवा तीळ. बाजूला साखरेचा पाक, दुधाचा हबका देऊन मळी काढलेला, स्वच्छ. आजी चमचाभर पाक परातीत सोडायची आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायची. पाक सुकला की दुसरा चमचा. घाई केली तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर साखर पिवळी पडते, हवा दमट असेल तर काटा धरत नाही. एकेक दाणा वाढायला दोन-तीन दिवस जात. बोटं भाजत, पण हात थांबवायचा नाही. तीळ, खसखस, साबुदाणा, चुरमुरे, लवंगसुद्धा, असं काहीही पोटात घेऊन साखर वर चढत जाते.

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सर ह्यू प्लॅट नावाच्या गृहस्थाने 'डिलाइट्स फॉर लेडीज' या छोट्या पुस्तकात नेमकी हीच कृती लिहून ठेवली आहे. निखाऱ्यांवर टांगलेलं पसरट भांडं, त्यात धणे किंवा बडीशेप, वरून पळीपळीने पाक आणि हाताने सतत ढवळणं. तिकडे त्याला 'कम्फिट' म्हणत. पुढे हाताच्या जागी फिरतं तांब्याचं भांडं आलं, बियांच्या जागी साखरेचाच कण आला आणि मुलांच्या केकवर उधळायचे ते रंगीत मोहरीएवढे दाणे तयार झाले. आपल्याकडची जेवणानंतरची रंगीत बडीशेप याच घराण्यातली. तेव्हा स्प्रिंकल्स विलायती आणि हलवा देशी, असा भेद करायला फारशी जागा नाही.

मुलांची पार्टीही आपल्याला नवी नाही. बोरन्हाण म्हणजे दुसरं काय? काळं झबलं, हलव्याचे दागिने घातलेलं रडवेलं पोर पाटावर बसवायचं आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा आणि हलवा ओतायचा. भोवती बसलेल्या पोरांनी ते लुटायचं. हल्ली त्यात जेम्सच्या गोळ्या आणि चॉकलेटं असतात. इंग्रज माणूस दाणे बनवर उधळतो, आपण थेट पोरावर उधळतो, एवढाच फरक.

आता बनाबद्दल. घरी ओव्हन नसेल तर खट्टू होऊ नका. बहिणीने निम्मे बन आप्पेपात्रात केले, तळाला तुपाचं बोट फिरवून, झाकण ठेवून, मंद आचेवर. घुमटासारखे फुगले. आमच्या लहानपणी केक वाळूवर व्हायचा: जुन्या कुकरच्या तळाशी वाळू, शिट्टी काढलेली, आत डबा. नंतर काचेची खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन घरोघरी आला. हे काही करायचं नसेल तर बेकरीतून आणा. दिवाळीत नानकटाईचं पीठ डब्यात घालून भट्टीवर नेणारी माणसं आपण, बेकरीचं वावडं कधीच नव्हतं. मुंबईत इराण्याचा मावा केक मिळतो. पुण्यात ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानीचा मावा केकही आहे, पण त्यावर आयसिंग घालणं म्हणजे पुरणपोळीवर जॅम. ज्याला स्वतःची चव आहे त्याला टोपडं कशाला? अय्यंगार बेकरीतला साधा व्हॅनिलाचा कपकेक किंवा गोड बन या कामाला उत्तम. त्याला काहीच म्हणायचं नसतं, त्यामुळे वरच्या साखरेचं ऐकू येतं.

माझं पहिलं आयसिंग मी कॉलेजात असताना केलं आणि ते केकवरून ओघळून ताटलीत, ताटलीतून ओट्यावर आणि ओट्यावरून आईच्या पायावर गेलं. चूक एकच होती. पाणी पेल्यातून ओतलं होतं.

सगळं गणित त्या पाण्यात आहे. घरातल्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात जवळपास २०० ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे १०० ग्रॅम पिठीसाखरेत १५ मिलिलिटर पाणी, म्हणजे पोह्याचे तीन लहान चमचे, घातलं तर त्यात ३० ग्रॅमच्या आसपास साखर विरघळते आणि उरलेली ७० ग्रॅम बारीक कणांच्या रूपात त्या घट्ट पाकात तरंगत राहते. आयसिंग पांढरंशुभ्र दिसतं ते या न विरघळलेल्या कणांमुळे, कारण उजेड त्यांच्यावर आपटून विखुरतो. बनवर पसरल्यावर पाणी उडून जातं, विरघळलेली साखर परत स्फटिक होते आणि कणाकणांना सिमेंटासारखी जोडते. वर कडक पापुद्रा, खाली मऊ. पाणी दुप्पट झालं की ६० ग्रॅम साखर विरघळते, तरंगायला पुरेशी साखर उरत नाही आणि हाती येतो तो पाक. आईच्या पायावर गेला होता तो पाकच.

त्यामुळे चमच्याने मोजा आणि तिसरा चमचा घालताना हात आखडता घ्या. चमचा उचलल्यावर आयसिंगची धार पडावी आणि ती धार वाटीतल्या आयसिंगवर दोन-तीन क्षण रेघ बनून दिसत राहावी, मग विरावी. लगेच विरली तर साखर घाला. विरतच नसेल तर पाण्याचे थेंब, चमचा नाही. पाण्याऐवजी लिंबाचा रस घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. नुसती साखर आणि पाणी मुलं चाटतात, पण तिसऱ्या घासाला तोंड फिरवतात. लिंबाने गोडाला धार येते.

पिठीसाखर घरची चालते का? चालते, पण मिक्सरमधून काढल्यावर मैद्याच्या चाळणीने नव्हे, पंचाने गाळा. आपल्या आज्या त्याला वस्त्रगाळ म्हणत. जाडसर कण राहिला तर आयसिंग दाताखाली रेतीसारखं लागतं. दुकानातली आयसिंग शुगर जास्त बारीक असते आणि गोळे होऊ नयेत म्हणून तिच्यात थोडा स्टार्च घातलेला असतो. घरी वाटीभर साखरेला लहान चमचा कॉर्नफ्लोअर घातलं की तेच काम होतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे आयसिंग सुकायचं नाव घेत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात उलट, मिनिटाभरात तडे जातात. दिवाळीचे दिवस मात्र याला मानवतात, जशी जानेवारीची थंडी हलव्याला मानवते.

लोण्याचं आयसिंग हे दुसरं प्रकरण. वजनाने एक भाग लोणी, दोन भाग साखर, हलकं होईपर्यंत फेसायचं. आपलं घरचं पांढरं लोणी इथे दगा देतं, कारण त्यात ताक लपलेलं असतं. बर्फाच्या पाण्यात दोनदा धुऊन, दाबून पाणी काढलं तर जमतं. दुकानातलं पिवळं लोणी खारट असतं. त्यात कोको घातला तर तो खारटपणा उलट छान लागतो, व्हॅनिलाशी मात्र जमत नाही. मुख्य अडचण हवेची आहे. लोणी ३२ ते ३५ अंशांवर वितळतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पंख्याखालची खोलीसुद्धा त्याच्या आसपास असते. म्हणून जुन्या बेकऱ्यांनी लोण्याऐवजी वनस्पती तूप धरलं. डालडा १९३७ मध्ये बाजारात आला. त्याचं आयसिंग उन्हात गुलाबाच्या पाकळ्या सोडत नसे आणि टाळूवर जो मेणचट थर बसे तो चहानेही उतरत नसे. तो थर अनेकांच्या बालपणीच्या आठवणीत हळवेपणाने बसला आहे. मला त्याचं कौतुक नाही. त्यातल्या ट्रान्स फॅटवर आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मर्यादा आणली, ती २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के. हृदयाला घातक म्हणून हे करावं लागलं.

आज बेकरीतल्या केकवर जो पांढरा, ढगासारखा थर असतो त्याला सगळे क्रीम म्हणतात. बहुतेक वेळा ते क्रीम नसतं. रॉबर्ट रिच नावाच्या दूधवाल्याने १९४५ मध्ये सोयाबीनपासून फेसाळणारं टॉपिंग तयार केलं, तेही अमेरिकेतल्या बफेलो नावाच्या शहरात. म्हशीच्या दुधाचा मात्र त्यात थेंब नाही. आज आपल्याकडे मिळणाऱ्या अशा टॉपिंगमध्ये पामच्या गराचं तेल, साखर, पाणी आणि ते सगळं एकत्र बांधणारे पदार्थ असतात. डब्यावर 'नॉन-डेअरी' लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही. ते उन्हात टिकतं, पटकन फुगतं, स्वस्त पडतं. धंद्यासाठी ठीक. घरी वीस बनांसाठी ते आणण्याचं कारण मला सापडलेलं नाही.

साखरेची ही चैन नेहमी इतकी सोपी नव्हती. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० मध्ये साखरेचं रेशनिंग सुरू झालं आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून भाजून झालेल्या केकवर बाहेरून साखर लावायला सरकारने चक्क बंदी घातली. लग्नात पुठ्ठ्याचा पांढरा नक्षीदार केक मांडत आणि आत, झाकणाखाली, साधा छोटा केक असे. साखरेवरचं रेशनिंग उठायला सप्टेंबर १९५३ उजाडला. आमच्या आईला हे सांगितलं तर ती हसली. तिच्या लहानपणी रेशनची साखर दिवाळीसाठी महिनोन्‌महिने डब्यात साठवली जाई आणि चहात गूळ पडे. पुढे सहकारी कारखान्यांनी महाराष्ट्र साखरेने भरून टाकला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला, आजच्या प्रवरानगरला, उभा केलेला कारखाना १९५० च्या सुमाराचा. आयसिंगची वाटी पोराच्या हातात देऊन 'चाट' म्हणण्याइतकी साखर सामान्य घरात आली ती त्यानंतर केव्हातरी.

बोहरी आळीत मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो रंगांच्या बाटल्यांपुढे. आपल्याकडे कायद्याने आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि ज्या पदार्थांत ते चालतात तिथेही सर्वसाधारण मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅमची. म्हणजे किलोभर पदार्थाला एक दशांश ग्रॅम. स्वयंपाकघरात हे कोण मोजतं? आपण 'छान लाल' दिसेपर्यंत घालत राहतो. २००७ मध्ये साउदम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना काही रंग आणि सोडियम बेंझोएट यांचं मिश्रण देऊन पाहिलं, तेव्हा काही मुलांचा चळवळेपणा वाढलेला दिसला. सगळ्या मुलांत परिणाम सारखा नव्हता आणि त्यावर वादही झाले. तरी जुलै २०१० पासून युरोपात त्या प्रयोगातल्या सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. त्या सहांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो ४आर हे चार आपल्या परवानगीच्या यादीत आहेत. एका वाढदिवसाने कुणाचं काही बिघडणार नाही, हे मलाही कळतं. पण अमुक रंग हवाच असा हट्ट मुलांचा नसतो, तो फोटो काढणाऱ्यांचा असतो.

मी बाटली न घेता परतले आणि फ्रिज उघडला. अमृत कोकम होतं. पाण्याच्या जागी तेच घातलं तर आयसिंगला असा गुलाबी रंग आला की बहिणीला तो बाटलीतला वाटला. आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं. बिटाच्या रसाचा रंग जास्त भडक, पण लिंबू नसेल तर मातीचा वास मागे राहतो. केशर दोन चमचे कोमट दुधात. गोकर्णाची फुलं गरम पाण्यात टाकली तर निळा, त्यातच लिंबाचे दोन थेंब पडले की जांभळा, आणि हा बदल मुलांसमोर केला तर जादूगाराला बोलावायचा खर्च वाचतो. हळद मी एकदा घालून पाहिली आहे. पुन्हा घालणार नाही.

वर काय घालायचं, यात मोठ्यांनी फार डोकं चालवू नये, पण काय काय आहे ते माहीत असावं. बेकरीतली लालभडक चेरी बहुतेकदा चेरी नसतेच. ते करवंद असतं, आपल्या डोंगरातलं काळं नव्हे, बागेत लावतात ते मोठं, पांढट-गुलाबी. खाऱ्या पाण्यात मुरवून, बी काढून, पाकात रंगवलेलं. त्याला जो एरिथ्रोसिन हा लाल रंग दिला जातो, त्याची खाण्यातली परवानगी अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतली. टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. हे कळल्यावर भाच्याला फसवणूक झाल्यासारखं वाटलं, मला उलट आदर वाटला. पपईसारख्या निर्विकार फळाला इतकं सोंग आणता येतं!

आमच्या ताटलीत शेवटी हे होतं: सुक्या खोबऱ्याचा कीस, कुटलेली शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याच्या लाह्या, रंगीत बडीशेप, जेम्सच्या गोळ्या, बोहरी आळीतले गोल दाणे आणि गेल्या संक्रांतीचा डब्याच्या तळाशी उरलेला हलवा. राजगिऱ्याच्या लाह्यांनी बाजी मारली. पांढऱ्या आयसिंगवर त्या बर्फासारख्या दिसतात आणि दाताखाली हलकी कुरकुर करतात. जेम्स वेळेवर लावावे लागतात. ओल्या आयसिंगवर लगेच ठेवले तर रंग उतरून भोवती डाग पडतात, पूर्ण सुकल्यावर ठेवले तर घरंगळतात. पाच ते दहा मिनिटांनी पापुद्रा धरू लागतो, ती वेळ साधायची. चार वर्षांखालच्या मुलांच्या बनवर गोळ्या, अख्खे शेंगदाणे किंवा अख्खी चेरी नको, घशात अडकतात. आणि अंड्याच्या कच्च्या पांढऱ्याचं ते चकचकीत आयसिंग मुलांसाठी करू नका, ते बेकरीवाल्यालाच करू दे.

नक्षीसाठी नोझल आणले नव्हते. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापला की पुरतं. ज्या बाईचा मेंदीच्या कोनावर हात बसला आहे तिला तर काही शिकवायला नको, दाब तोच, मनगट तेच. मला सोऱ्या आठवला. चकलीच्या चकतीला चांदणी असतेच, मग लोण्याचं आयसिंग त्यातून का काढू नये? काढलं. पहिल्या तीन चांदण्या अप्रतिम आल्या. चौथ्याला हाताच्या उबेने लोणी पातळ झालं आणि दट्ट्याच्या वरून बाहेर आलं. सोऱ्या धुवायला चाळीस मिनिटं लागली, आणि दुसऱ्या दिवशीच्या चकल्यांना व्हॅनिलाचा वास होता.

पार्टीला अठरा मुलं आली. आम्ही बन कोरेच ठेवले होते. जमिनीवर जुनी चादर, मध्ये आयसिंगच्या चार वाट्या, ताटल्यांत वरचं सामान, प्रत्येकाला एक बन आणि एक बोथट चमचा. "मावशी, मी किती टाकू?" असं पहिल्या दोघांनी विचारलं, नंतर कुणी विचारलं नाही. एका मुलीने पांढऱ्यावर बडीशेपेची रांगोळी काढली, ठिपके मोजून. एकाने आयसिंग बनवर न लावता थेट हाताने खाल्लं आणि मग कोरा बन वेगळा खाल्ला. मला तो अत्यंत तर्कशुद्ध वाटला. भाच्याने काटेरी हलव्याचे पाच दाणे लावून त्याला साळिंदर म्हटलं. दुकानातल्या केकवर अशी नक्षी येणं शक्य नाही, कारण तिथे करणाऱ्याला ती खायची नसते.

औक्षण झालं. आपल्या रीतीत दिवा ओवाळतात, विझवत नाहीत, आणि यात नुसती भावना नाही. अमेरिकेतल्या क्लेम्सन विद्यापीठात २०१७ मध्ये एक गमतीशीर प्रयोग झाला. फोमच्या केकवर फॉइल, फॉइलवर आयसिंग, त्यावर मेणबत्त्या, आणि पिझ्झा खाल्लेल्या माणसांनी त्या फुंकरीने विझवायच्या. आयसिंगवरचे जिवाणू सरासरी १४०० टक्क्यांनी वाढले. घरातल्या निरोगी माणसांना त्याने सहसा काही होत नाही. पण अठरा मुलं आणि एक केक यापेक्षा अठरा मुलं आणि अठरा बन हा हिशेब बरा. मेणबत्ती फुंकायचीच असेल तर ज्याची त्याने आपल्या बनवरची फुंकावी.

करून पाहणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: १०० ग्रॅम साखरेत आठ-दहा बन होतात, साखर वस्त्रगाळ, लिंबाचा रस फार तर तीन लहान चमचे, तोही हात राखून. उरलेले बन फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढले की आयसिंगला घाम फुटतो आणि रंग ओघळतात. डब्यात, झाकण लावून, ओट्यावर ठेवा. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर ते जास्त चांगले लागतात. तिसऱ्या दिवशी नाही.